दोनशे सतरा

बारा नंबर वॉर्ड पाडून दीड वर्ष झालं होतं,
पत्र्यांच्या आड नुसता खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी,
आणि माझ्या बोर्डावर
दोनशे सतराचा दिवा लागला.

रात्रपाळी. तीन वाजून दहा मिनिटं.
सवयीनं म्हटलं, ऑपरेटर, बोला.

आधी खोकला.
तोंडावर पंचा धरून
शेजारच्याची झोप मोडू नये इतक्या बेतानं.
मग, ‘बाई, पहिला भोंगा झाला का?’

नाही, म्हटलं. खोटं नव्हतं.
शिवडीपासून लालबागपर्यंत एक भोंगा उरलेला नाही,
चिमण्यांच्या जागी काचेचे मजले,
माथ्यावर विमानांसाठी तांबडे दिवे.
‘बरं,’ म्हणाला, ‘झाला की उठवा.’

सकाळी लाइनमन इब्राहिम मुकादम आला.
खड्ड्याच्या काठावरून ओढून काढली काळी वायर,
दोन हात लांब, टोक उंदरांनी कुरतडलेलं.
‘यातून मुंगीसुद्धा बोलायची नाही, बाई.’
दोनशे सतराचा तुकडा बोर्डातून उपसून
त्यानं खिशात टाकला.
रात्री दिवा लागला, त्याच रिकाम्या भोकात.

सिस्टर फिलोमिना डाबरेंना विचारलं.
थर्मामीटर मोजता मोजता त्या थांबल्या.
बाराला गिरण्यांतले असायचे, म्हणाल्या,
छातीत कापूस घेऊन आलेले.
रोज विचारायचे, उद्या सोडणार ना?
मग परत एकपासून मोजायला लागल्या
आणि म्हणाल्या, तू जेवलीस का?

चार वर्षं.
जागा कोर्टात अडकली, खड्डा तसाच.
मी बदली मागितली नाही,
अर्जात कारण काय लिहिणार?
कधी तो विचारायचा,
‘माझ्या साच्यावर बदलीवाला लावला का हो?’
ठाऊक नाही, म्हणायचे मी.
झोपा. अजून वेळ आहे.

मग साहेबांनी सांगितलं, बोर्ड निघणार.
भिंतीवर एक पेटी बसेल,
तिच्यातली बाई सगळ्यांना म्हणेल,
कृपया प्रतीक्षा करा.

शेवटच्या रात्री तीन-दहाला मी खोटं बोलले.
झाला, म्हटलं. आत्ताच झाला. उठा.

बराच वेळ काही नाही.
मग खाट कुरकुरली. डब्याचं झाकण बसलं, कडी लागली.
चपला फरफटत गेल्या, लांब, खूप लांब,
तेवढा लांब तो वॉर्ड कधी नव्हताच.
रिसीव्हर त्यानं तसाच टाकला होता.
मी कान लावून बसले.

‘बाई,’ दुसराच आवाज, कोवळा,
‘मलाही उठवा ना.’

छत्तीस खाटा होत्या बाराला.
एकेकाला उठवत गेले.
कुणी ‘देवा’ म्हणालं, कुणी शिवी हासडली,
एकानं विचारलं, चहा मिळेल का?
चौतिसावा उठला आणि खिडकीत उजाडलं.
सातच्या ठोक्याला माणसं आली, पक्कड घेऊन.

आता कांजूरला मुलाकडे असते.
तीन-दहाला जाग येतेच.
परवा राहवलं नाही, मोरीत जाऊन
मोबाइलवर इस्पितळाचा नंबर फिरवला,
मग दोन, एक, सात.
पेटीतली बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही,
कृपया प्रतीक्षा करा.
आणि तिच्या वाक्यामागे, अगदी बेतानं,
तोंडावर पंचा धरून

‘झाला!’ मी ओरडले, ‘झाला रे बाबांनो, उठा!’
आणि शेजारच्या खोलीत
सुनेनं दिवा लावला.