नमुना क्रमांक एकेचाळीस

झाड: सदाफुली, गुलाबी.
ठिकाण: तालुका समुद्रपूर, न्हाणीच्या मागे,
जिथं आंघोळीचं पाणी दिवसभर मुरतं.
तोडणारी: मी.
इथवर चिठ्ठी भरून होते.
माझ्या आधी आठ महिने त्याच झाडाची
रोज सकाळी सात पानं कुणी तोडली,
त्याला या कागदावर रकाना नाही.

बेबीआत्या,
तुझ्या हाताला लागली तेव्हा
तुरीच्या दाण्याएवढीच होती,
साबण लावताना, डावीकडे.
पाट्यावर सदाफुली वाटलीस, वरून घरची हळद,
फडक्यात घालून छातीशी बांधलीस
आणि निंदायला गेलीस.
ब्लाउजवर डाग दिसला कुणाला, की म्हणायचीस,
"हळदीचं काम हाय वं, डाग त पडनच."

दिवाळीत मीच बोलले होते,
नव्या नोकरीच्या तोऱ्यात:
आमच्या कॉलेजात झाडपाल्यातून कॅन्सरचं औषध शोधतात.
हळदीतून, सदाफुलीतून, सीताफळाच्या बियांतून.
काचेच्या ताटलीत गाठीच्या पेशी वाढवतो,
अर्काचा थेंब टाकतो, दोन दिवसांनी मोजतो,
मेलेल्या जास्त निघाल्या की सर चहा सांगतात.
तू चकल्या तळत होतीस, पाठमोरी.
मला वाटलं, ऐकत नाहीस.

सांगायचं राहिलं ते हे:
काचेत तर त्या मिठानंही मरतात,
स्पिरिटनंही,
माझ्या एका विसराळू रविवारानंही.
ताटलीला रक्त नसतं, पोट नसतं,
तिला दुसऱ्या दिवशी निंदायला जायचं नसतं.

वर्ध्याला डॉक्टरीणबाईंनी तुझा पदर बाजूला केला.
पिवळी पडलेली कातडी पाहिली
आणि मान वळवून मला विचारलं,
"शिकलेलं कुणी नव्हतं का घरात?"
मी म्हटलं, होतं.

आता दर मंगळवारी बाटली लागते.
"हे कायचं हाय?" तू विचारलंस.
झाडाचंच, आत्या. हिमालयातलं. थुनेर म्हणतात.
तू उठूनच बसलीस, नळीसकट.
"मंग मायं झाड काऊन लागू नाही पडलं?"

शेजारच्या खाटेवरच्या मडावीबाईंनीही कूस बदलली.
मी सांगत बसले:
एका पानात शेकडो गोष्टी असतात,
त्यातली एक वेचायची, धुवायची, तोलायची,
किती दिली तर गाठ मरते
आणि किती दिली तर माणूस,
हे आधी ठरवायचं, मग नसेत सोडायची.
तुझ्या सदाफुलीच्या पोटचंही एक औषध आहे, याच रोगाचं.
पान आणि ती बाटली यांच्यामध्ये
कित्येक वर्षं आहेत, आणि पुष्कळ उंदीर.
तुझा लेप कातडीच्या उंबऱ्यावरच बसून राहिला.

तू थोडा वेळ थेंब मोजलेस.
"म्हणजे वली हळद बजारात कोनी घेत नाही.
उकडा लागते, वाळवा लागते. तसंच ना?"
जवळपास, मी म्हटलं.
दोन वर्षं मी हे प्रकरण लिहितेय.

सातव्या बाटलीनंतर बोटं बधिर झाली.
अंगणात हळद पसरली होती.
तू गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायला बसलीस
आणि डोळ्यांनी निवडू लागलीस
जे तुला अंधारातही हातानं कळायचं.
एक बोट धरून बराच वेळ पाहत राहिलीस.
हळदीचं की तुझं,
मला दारातून दिसलं नाही.

न्हाणीमागची सदाफुली पुन्हा भरलीय.
शेळी तिला तोंड लावत नाही, तूही आता तोडत नाहीस.
मी कात्री घेऊन वाकले तर
ओट्यावरून ओरडलीस,
"खालची घे वं, वरची कवळी हायत अजून."

चिठ्ठीच्या तळाशी शेऱ्यासाठी दोन ओळी असतात.
तिथं मी तेवढंच लिहिलं.