शून्याची जागा

सकाळी बाळाच्या टाळूवर तेल ठेवलं.
बोटाखाली टाळू उडत होती,
हाडांचं अजून भेटायचं ठरलं नव्हतं.
जाऊबाई म्हणाल्या, "हळू. तठे जीव ऱ्हास."

मग बस, देवपूर, कॉलेजचा मागचा जिना.

रजेनंतरचा पहिला उंदीर: एकोणपन्नास नंबर.
भूल चढली. पायाचं बोट चिमट्यात धरून पाहिलं,
ओढलं नाही.
डोळ्यांना मलम, भुलीत ते मिटत नाहीत.
बाहेर चव्वेचाळीस अंश, पांझरेत नुसती वाळू तापलेली,
आणि आम्ही उंदराच्या पोटाखाली गरम गादी घालतोय
गार पडू नये म्हणून.
हिलालदादा दर उन्हाळ्यात यावर हसतात.

कातडी सारली की कवटीवर शिवणी दिसतात.
त्या जिथे एकमेकींना भेटतात
तिथे यंत्राला सांगायचं: हे शून्य.
इथून मागे पावणेचार मिलिमीटर, उजवीकडे अडीच,
खाली तीनला थोडं कमी.
पुस्तकात या जागेला ग्रीक नाव आहे,
इतकी वर्षं मी तेच म्हणत आले.
आज कळलं, ही टाळू.

यंत्राचा हात उतरला.
तो थरथरत नाही. त्याची रात्रीची झोपमोड होत नाही.
अंड्याच्या टरफलाएवढं हाड खरवडत जातो
आणि आतल्या पडद्याशी थांबतो,
जिथे माझा हात तीनदा चुकला होता.
तीन. वहीत नंबर आहेत.

मध्येच लाइट गेली. यूपीएस बोंबलला.
हात हवेत, सुई खाली तोंड करून, तशीच.
अकरा वाजून दहा. मला पान्हा आला.
कोणी आकडे दिले नव्हते.
सात किलोमीटरवर कोणी रडलं असेल, नसेल,
गाऊनच्या आत ब्लाउज भिजला
आणि निर्जंतुक हात मला छातीशी नेता येईनात.

लाइट आली. आकडे तेच होते.
सुई गेली. थेंबाच्याही थेंबाएवढं औषध. टाके.

"त्याले दुखस का आते?" हिलालदादांनी विचारलं.
वेदनाशामक दिलंय, मी म्हणाले.
हे उत्तर नव्हे, ते दोघांनाही माहीत.
त्यांनी पिंजरा अर्धा गादीवर ठेवला, अर्धा बाहेर:
जाग आल्यावर कुठे जायचं
ते त्याचं त्याने ठरवावं.

साडेबाराला आधी मिशा हलल्या.

संध्याकाळी तेलाची वाटी घेतली
आणि बोट टाळूच्या केसभर वर थांबलं.
बाळ माझ्याकडे बघत होतं.
तेल निवत चाललं.