हातचा

दर तीन वर्षांनी आम्ही पुढची दहा वर्षं लिहून काढतो.
पाइप, मोऱ्या, स्मशानातलं गवत,
वाचनालयाचं गळकं छप्पर,
समुद्र किती वर येईल त्याची एक ओळ.
आकडे मी भरतो. कौन्सिलच्या हिशेबाच्या टेबलावर
माझी ही चौथी योजना.
मुखपृष्ठावर दर वेळी तोच ओताराकीचा पादचारी पूल,
सोनेरी उन्हात,
रिकामा.

सुनावणी रग्बी क्लबच्या हॉलमध्ये ठेवली,
कारण आमचं स्वतःचं सभागृह भूकंपाच्या नियमात बसत नाही
आणि बसवायचे पैसे सहाव्या वर्षात आहेत.
अराता पोहातू यांनी माओरीत प्रार्थना म्हटली.
हीटर खडखडला. मग प्रत्येकाला पाच मिनिटं.

कुत्र्यांच्या परवान्याची फी.
स्विमिंग पूलचं पाणी गार.
एक जण नुसताच साडेअकरा टक्के, साडेअकरा टक्के
म्हणत राहिला, जपमाळ ओढावी तसा,
घरपट्टी हा शब्द त्याला उच्चारवतही नव्हता.

मग मेव्हिस ट्रेगर्था. वय चौऱ्याऐंशी.
काखेत वही, निळ्या पुठ्ठ्याची.
म्हणाल्या, तुमची ती काळी रबरी नळी रस्त्यावर पडून असते,
चाकं मोजते.
पायांचं वजन तिला कळत नाही.
म्हणून तुमच्या कागदात पुलावर कुणीच नाही.
माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आहे. अकरा वर्षं.

आणि वाचायला लागल्या.

मंगळवार. शाळेची सात, एक छत्रीवालं.
पहाटे चार-दहाला खाटीकखान्याची टोंगन पोरं, पाच,
मोबाइलच्या उजेडात.
बुधवार. बगळा.
चार-दहाला चार.
गुरुवार. चार.
शुक्रवार

घंटी वाजली.
महापौर म्हणाले, बाई, थोडक्यात, काय हवंय?
दिवा, म्हणाल्या. एक.
आणि वही मिटताना, कुणी विचारलं नव्हतं तरी:
एक कमी का झाला, ते इथे नाही.
मी खिडकीत होते.

चर्चा वीस मिनिटं चालली, त्यातली बारा केबलवर.
खांब, खोदाई, नदीखात्याची परवानगी:
अडतीस हजार डॉलर. वर्ष सातवं.
मागच्या खुर्चीवरून आवाज आला,
तेव्हा मी एक्क्याण्णवची असेन. लिहून ठेवा.
इतिवृत्तात ते आलं नाही.
इतिवृत्तात फक्त ठराव येतात.

आता वर्षअखेर. अहवाल.
तीन रकाने: उद्दिष्ट, प्रत्यक्ष, शेरा.
निवेदनांना वीस दिवसांत उत्तर: शहाण्णव टक्के. साध्य.
त्या शहाण्णवात मेव्हिसबाईंचं पत्र आहे,
मसुदा माझाच.
आपण वेळ काढून मत मांडलंत याबद्दल.
घसारा बसला, ताळा जुळला,
लेखापरीक्षकाने सही ठोकली.
डॉलर इकडचा तिकडे नाही.

तरी काहीतरी बोटाला लागून राहिलं.
लहानपणी बेरीज करताना हातचा एक
बोट दुमडून धरायचो,
आणि मधेच कुणी हाक मारली तर
बोट दुमडलेलंच राहायचं,
कशातला एक तेच आठवायचं नाही.

काल पहाटे साडेतीनला उठलो. बायकोला सांगितलं नाही.
पुलाच्या अलीकडच्या कठड्याशी उभा राहिलो.
फळ्या ओल्या. खाली नदी नुसती ऐकू येणारी.
चार-दहा. लुकलुकत आले.
पहिल्याने मान हलवली, दुसऱ्याने काहीतरी चघळत गुड मॉर्निंग म्हटलं,
बाकीच्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.
चार.
त्यांच्या मागोमाग, का कोण जाणे,
मीही चालत पलीकडे गेलो.

वळून पाहिलं तर
वरच्या घरात स्वयंपाकघराचा दिवा लागलेला.
म्हणजे वहीत
आज पाच.