फक्त हळद

ऐरोलीची जेट्टी, साडेसहा.
गावात आत्ताच मारुतीचा जन्म झालाय.
मढवीकाका होडीतलं पाणी उपसतायत
पाडव्याच्या श्रीखंडाच्या डब्याने,
मग तोच हात पुसून सुंठवडा देतात.

रेणुका करंदीकर पुढे. बोटात मोजणीचं यंत्र,
जप मोजायला मिळतं तसलं.
मी मागे. मांडीवर भाड्याची लेन्स,
दिवसाचे बाराशे,
भिजली तर काय, ते विचारू नका.

रोहितांकडे आज पाठ.
ते गुलाबी, त्यांना बघणारे पुष्कळ.
आम्हाला हवी चिखलातली चिल्लर:
टिलवे, चिखले, वाकड्या चोचीचे तुतवार.
जानेवारीत सगळे एकाच राखाडी ठाणातले,
कोण कुठला यावरून आमचं भांडण ठरलेलं.

आज एकेकाच्या छातीवर वीट उगवलीय.
ओली, भाजकी, तांबडी.
"लग्नाचे कपडे," रेणुका म्हणते, दुर्बीण न काढता.
लग्न कुठे? तर सैबेरियात, जूनमध्ये.
आपल्याकडे फक्त हळद.

पुलावरून ट्रक जातात.
खाली शेकडो चोची
टायपिंगच्या परीक्षेला बसल्यासारख्या.
"वाटेत खायला न्हाय मिलत," काका म्हणतात,
जणू बांधून देणारे तेच.

माझे फोटो चारशे अकरा.
एका पायात पिवळी पट्टी, पट्टीवर अक्षरं.
मोठं करून पाहिलं तर अक्षरं धूसर
आणि मागचा चिखल
लख्ख, फोडणीच्या मोहरीइतका स्पष्ट.
कुणी कुठल्या किनाऱ्यावर
तो पाय दोन बोटांत धरला असेल,
कळता कळता राहिलं.

मग उधाणाची भरती. चिखल आवळत गेला,
पक्षी एकमेकांच्या अंगावर आले
आणि उठले.
वळताना पांढरे, पुन्हा वळताना
नाहीतच.
रेणुकाचा अंगठा थांबला.
"चुकले," म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

बुद्धपौर्णिमेला परत गेलो. लेन्सशिवाय.
"गेलं वऱ्हाड," काका म्हणाले.
चिखल पुसल्यासारखा, उन्हाने तडकलेला,
आणि कडेला एक टिलवा. राखाडीच.
"याला न्हाय नेला?"
"पहिल्या वर्षी राहतात काही," रेणुका.

तो कुणाची वाटबीट बघत नव्हता.
खात होता.
टक्.
एक.