भावे प्रयोग

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एकच छपाईयंत्र
दोन वर्तमानपत्रांना जन्म देतं.
बाराला 'खाडीवार्ता', दोनला 'नवा पहारा'.
मध्ये रोलर पुसतात. शाई तीच.
मी दोघांचीही प्रुफं वाचतो,
पाचशे रुपये रात्र,
पावण्याकडून येणारा सडक्या बदामाचा वास फुकट.

परवा दिघ्यात नाल्याची भिंत पडली.
प्रज्ञा तांडेलनं चिखलात उभं राहून बातमी पाठवली:
कंत्राट कोणाचं, बांधून किती महिने झाले,
सिमेंट नखानं कसं खरवडलं जातं,
तडा गेल्याची तक्रार कुठल्या तारखेची,
आणि खाली सापडला त्याचं नाव.

अकराला केळुसकरांनी प्रूफ पुढ्यात टाकलं.
'मुसळधार पावसाने भिंत कोसळली.'
म्हटलं, साहेब, त्या दिवशी पाऊस नव्हता.
ते म्हणाले, तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा.
बघितलं.
'कोसळली'ची शेवटची वेलांटी दीर्घच होती.
पान चारवर त्याच कंत्राटदाराचा टॉवर,
अठ्ठावीस मजले, 'रोज खाडी बघत उठा'.

दीडला दुसऱ्यांचं प्रूफ.
'सत्ताधाऱ्यांनी घेतला बळी!!!'
तीन उद्गारचिन्हं. मी दोन काढली.
नगरसेवकाचं नाव चार वेळा, फोटो जुना, हसरा.
कंत्राटदार इथेही नाही.
निवडणुकीत त्यानं यांचेही मंडप घातले होते.

आठवीत सामंतबाई फळ्यावर लिहायच्या:
शिपायाने चोराला पकडले.
चोराच्या जागी चोरटी घाला,
एका शिपायाचे दहा करा,
'पकडले' जागचं हलत नाही.
नपुंसकलिंगी, एकवचनी.
मी विचारलं होतं, बाई, मग ते ऐकतं कोणाचं?
कोणाचंच नाही, म्हणून सोपं, त्या म्हणाल्या,
आणि डस्टरनं शिपाई पुसला.

मला वाटायचं, तटस्थ असणं म्हणजे असंच काहीतरी असावं.
छत्तीस वर्षं मी तसं राहिलो.
'चौकशी करण्यात येईल.'
'जबाबदारी निश्चित करण्यात येईल.'
कोण करणार, कोणाची,
हे विचारायचं काम माझ्या टेबलाचं नव्हतं.
माझं टेबल काना, मात्रा, वेलांटीचं.

तिसऱ्या दिवशी फाटकाशी एक मुलगी.
कॉलेजची बॅग, दोन्ही पेपर घडी घालून.
ना पावसाबद्दल तक्रार, ना बळीबद्दल.
म्हणाली, यात माझे बाबा 'यलप्पा' आहेत,
त्यात 'एलाप्पा'.
आधार कार्डावर 'यल्लप्पा'.
मदतीच्या अर्जाला कात्रण जोडायचंय
आणि तहसीलवाले म्हणतात, हा नक्की कोण?

प्रज्ञाची मूळ बातमी काढून पाहिली.
तिथे दोन्ही ल होते.
आमच्या डेस्कवर एक पडला असेल,
त्यांच्या डेस्कवर य गेला,
पण दोन्ही पानांवर शेवटची सही माझी.
वेलांटी तपासत होतो.
माणूस हातून सुटला.

केळुसकर म्हणाले, लिहून द्या,
'अनवधानाने नावात चूक झाली आहे.'
मी कागद घेतला, लिहिलं:
मी चुकलो.
दोनच शब्द. बऱ्याच वर्षांनी एक क्रियापद
माझ्या लिंगवचनाप्रमाणे चाललं.
मग वाटलं, आणखी लिहावं,
भिंत कोणी बांधली तेही.
पेन तिथेच थांबलं. खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी 'खाडीवार्ता'त छापून आलं,
पान सात, राशिभविष्याच्या खाली:
'अनवधानाने नावात चूक झाली आहे.'
यल्लप्पा मात्र बरोबर होता, दोन्ही लसकट.
'नवा पहारा'नं काहीच छापलं नाही.

मुलगी आली, ब्लेडनं चौकोन कापला,
उजेडात धरून नाव पुन्हा वाचलं.
माझ्या बाजूला कात्रणाची पाठ होती.
टॉवरच्या जाहिरातीतलं तेवढंच आलं होतं:
'बघत उठा'.