कार्डातलं भोक

माझा नायना जेकार्डची कार्डं पाडायचा,
साखर पेठेत, पत्र्याच्या खोलीत,
एप्रिलातही पंखा बंद ठेवून,
वाऱ्याने आलेखाचा कागद हलतो म्हणून.
एक चौकोन, एक ठोका, एक भोक.
चादरीवरचा मोर
आधी पुठ्ठ्यात जन्मायचा.

परवा पुण्याच्या लॅबचा कागद आला.
माझ्यातही एक भोक निघालं,
अंबादासच्या रक्तात होतं तेच.
अंबादास, माझा भाऊ,
अडतिसाव्या वर्षी, दुसऱ्या पाळीत,
मागापाशी आडवा झाला.
टॉवेल सव्वा हात पुढे गेला
तेव्हा कुणीतरी बटण दाबलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षाला एक इको करा,
घाबरू नका.
मी नाही घाबरले. विमा कंपनी घाबरली.
‘जनुकीय विकार. सबब प्रस्ताव नामंजूर.’
सबब!
जो आजार मला अजून झालेलाच नाही
त्याची.

वकील बिराजदार शेंगा सोलत फाईल वाचतात.
टरफलं माझ्या इकोवर पडतात.
“दिल्लीच्या हायकोर्टानं म्हटलंय की ओ,
जनुकाचं नाव घेऊन सरसकट वगळायचं नाही.
विमा नियामकाचं परिपत्रकबी हाय.
पण यासाठी वेगळा कायदा म्हणाल,
तर तो अजून व्हायचाय.”
म्हणजे ताणा आहे, बाणा नाही, मी म्हणाले.
ते हसले.
मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.

अम्मा चौऱ्याहत्तरची.
भोक तिच्याकडूनच आलंय, असं कागद म्हणतो.
ती दारात बसून अजून पाचशे विड्या वळते,
आणि दम लागतो तो मला,
तिच्या मागे जिना चढताना.

एकदा मोराच्या मानेत
नायनाच्या हातून जादा भोक पडलं.
मालक ओरडला, फेका ते कार्ड.
नायना म्हणाला, आधी लावून तर बघा.
लावलं. वीस चादरी निघाल्या, मान सरळ.
त्या भोकापाशी
हूकच बांधलेला नव्हता.

हे तक्रारीत लिहावं का,
बिराजदारांना विचारायचंय.

भार्गवी अकरा वर्षांची आहे.
डॉक्टरीणबाई म्हणतात, तिचंही रक्त बघून घेऊ.
मी म्हटलं, थांबा.
रक्ताला मी भीत नाही,
कागदाला भिते.
ती झोपलीये, चादर लाथाडून,
आणि मी तिच्या छातीवर हात ठेवून
ठोके मोजतेय.
कुठेही लिहून न ठेवता.