कोट बाहेर

तार्तूपासून दोन तास, बर्फात,
जमीनदारांनी बांधलेलं, मग शाळा झालेलं, आता रिकामं घर.
उर्मासचे ड्रम आम्ही वर नेलेच नाहीत.
जिन्याच्या पायथ्याशी मांडले, चौकड्यांच्या फरशीवर,
जिथे मी एक टाळी वाजवली
आणि ती तीन मजले चढून
सावकाश, कठड्याला हात लावत, खाली आली.

एक माइक सोडला तिसऱ्या मजल्यावरून, दोरीने.
दुसरा ठेवला बंद दाराकडे तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
ड्रमजवळ एकही नाही.
उर्मास म्हणाला, मग मला ऐकणार कोण?
घर, मी म्हटलं. आम्ही घराचं ऐकू.

पहिला टेक. तळघरात बॉयलर गुरगुरतोय.
एल्मारला विनवलं. चाळीस वर्षं त्याने या घराला ऊब दिली,
त्याने असं पाहिलं की आम्ही जणू
त्याची गाभण गाय बाजारात काढलीय.
गेला तरी. बंद केला.

दुसरा. गार होणारे पाइप,
टिक्, टिक्,
उर्मासपेक्षा जरा पुढेच.

तिसऱ्यात सगळं जागच्या जागी,
पण आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा.
मी छत पाहिलं, भिंती ठोकून पाहिल्या, वायरी बदलल्या.
एल्मारने नुसतं बोट दाखवलं:
खुंट्यांवर आमचे सात लोकरी कोट,
आवाज खाऊन सुस्तावलेले.

कोट बाहेर. कुंपणावर. उणे अकरा.

उर्मासने पाय दाबला.
धम्म आधी फरशीत गेला,
मग जिन्याने त्याला उचललं,
आणि दुसऱ्या मजल्यावरची एक सैल काच
थरथरली. ती थरथर मी पुढेही पुसली नाही.
त्याच्या तोंडातून वाफ, झांजेतून वाफ वाटावी असा नाद,
आणि प्रत्येक ठोक्यामागे त्याचाच ठोका,
वयाने मोठा.

शेवटच्या झांजेनंतर कुणी हलायचं नाही, ठरलं होतं.
कुणी हललं नाही.
टेप थांबली तरी नाही.

एल्मार म्हणाला, असं एकदाच ऐकलंय.
वरचा पियानो सैनिक खाली नेत होते,
तेव्हा निसटला. मी सहा वर्षांचा.
तेही असेच गप्प उभे होते.
आणि तो बॉयलर पेटवायला गेला.

कोट आणले. गोठून फळ्या झालेले.
एकाचीही बाही वाकेना.